सकाळचं गाडीचं पाणी

आमच्या घरात सकाळचं पहिलं पाणी गाडीला मिळायचं. माणसांचा चहा त्याच्यानंतर. आबा, म्हणजे माझे वडील, उठले की पितळी तांब्या घ्यायचे, अंगणातल्या पिंपातून भरायचे, शेडमध्ये जाऊन बॉनेट उघडायचे आणि रेडिएटरच्या तोंडात बारीक धारेने ओतायचे. तीस वर्षं ड्रायव्हरकी केलेला माणूस. कुणी 'गाडीत पाणी टाकलं' असं म्हणालं तरी त्यांना राग यायचा. "टाकायला त्यो काय उकिरडा हाय? पानी पाजत्यात," असं म्हणायचे. सगळं आत गेलं की बॉनेट बंद करून त्यावर एक सणसणीत थाप मारायचे. मी ओसरीवर झोपायचो. त्या थापेने मला रोज जाग यायची आणि रोज माझं डोकं फिरायचं.

गाडी वयाने माझ्याहून मोठी. आबा ज्यांच्याकडे कामाला होते ते मालक रस्त्यांची कंत्राटं घ्यायचे. त्यांनी नवी गाडी घेतली तेव्हा जुनी आबांच्या स्वाधीन केली. आमचं गाव पारनेर तालुक्यात, सुप्यापासून आडवं पाच-सहा किलोमीटर. तिथे ती पांढरी, बाकदार गाडी आली तेव्हा लहानमोठे सगळे बघायला आले होते म्हणे. माझ्या आठवणीत मात्र ती कायम म्हातारीच. दारं दोनदा आपटल्याशिवाय लागत नसत, आणि मागच्या सीटची स्प्रिंग कुठे टोचते हे घरच्यांना पाठ होतं.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. त्या वर्षी आईची दोन्ही मूत्रपिंडं गेली. मंगळवारी आणि शुक्रवारी नगरच्या एका दवाखान्यात नेऊन तिचं रक्त मशीनवर धुऊन आणावं लागे. चार तास त्या मशीनला जोडलेलं राहून उठली की तिची मान ठरत नसे. असं माणूस एस्टीच्या गर्दीत कुठे उभं करणार? म्हणून गाडी. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, एक वेळ चुकवली तर पुढच्या वेळेपर्यंत काय होईल ते सांगता येत नाही. तेव्हा ती गाडी चालू असणं म्हणजे आई असणं, इतका साधा मामला होता.

दुसरी गोष्ट पाण्याची. लघवी होत नाही म्हटल्यावर प्यालेलं पाणी जाणार कुठे? ते अंगात साठतं, पाय सुजतात, छातीत भरतं, श्वास कोंडतो. म्हणून दिवसाला अर्धा लिटर. चहा, डाळीचं पाणी, गोळ्या गिळायचे घोट, सगळं धरून अर्धा लिटर. बहीण लग्न होऊन संगमनेरला गेलेली, माझं लग्न व्हायचं होतं. त्यामुळे स्वयंपाक आबा करायचे आणि पाणी मी मोजायचो. नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मी फिटर होतो, मोजमाप हाच माझा धंदा. एका पारदर्शक बाटलीवर मी रेघा मारल्या होत्या, सकाळची, दुपारची, संध्याकाळची. आई त्या बाटलीकडे बघायची आणि मग दुसरीकडे बघायची. मला कधी उलटून बोलली नाही.

एका शुक्रवारी परतताना सुप्याच्या अलीकडच्या चढाला गाडीने दम टाकला. काटा लालमध्ये गेला, बॉनेटमधून वाफ आणि मागून पांढरा धूर. आबांनी गाडी बाजूला घेतली. मी तेलाची कांडी ओढून बघितली तर तेलाचं ताक झालेलं. म्हणजे हेड गास्केट गेलं होतं आणि पाणी तेलात उतरलं होतं. आईला एका टेम्पोच्या केबिनमध्ये बसवून घरी पाठवलं, मागून दुसऱ्या टेम्पोने गाडी दोरखंडाने ओढत आणली. सुप्याचा मेस्त्री म्हणाला, पुढच्या बुधवारी हात घालतो. आम्हाला मंगळवारी सकाळी नगरला पोहोचायचं होतं.

"घरीच खोलू," आबा म्हणाले. मी कारखान्यात निरोप पाठवून रजा टाकली आणि संध्याकाळ व्हायच्या आत शेडमध्ये पोतं अंथरलं.

इंजिन खोलायला आबा आणि मी पहिल्यांदाच असे समोरासमोर बसलो. ते हाताच्या अंदाजाचे, मी मापाचा. ते नट ढिला करताना कान लावायचे, मी पान्याचा नंबर बघायचो. त्यावरून दोनदा वाजलं. आई शेडच्या तोंडाशी खाटेवर पडून आमची जुंपलेली बघत होती. मशीनच्या सुया टोचायला डॉक्टरांनी तिच्या डाव्या हातात नस जोडली होती, त्यावर बोटं ठेवली की आत घरघर लागायची, गाडी उभ्या जागी चालू असावी तशी. आम्ही भांडायला लागलो की ती तो हात उजव्या हाताने झाकून घ्यायची, का कोण जाणे.

हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उचललं आणि मी बघतच राहिलो. पाणी खेळायची भोकं पेन्सिल जाईल एवढी असतात. तिथे काडेपेटीची काडी जाईना. सगळीकडे पांढरं, दगडासारखं खापर धरलेलं. आमच्या बोअरचं पाणी असं खारट की चहाच्या पातेल्याला महिन्यात पुटं चढतात. तेच पाणी आबांनी इतकी वर्षं रोज गाडीला पाजलेलं.

मी स्क्रू ड्रायव्हरने एक खपली काढली आणि आबांच्या हातावर ठेवली. "हे बघा. तुमी पाजलेलं पानी."

ते असं म्हणायची गरज नव्हती. पण माझी जीभ तशीच आहे, अजूनही.

आबांनी खपली बोटांत फिरवली, उजेडाला धरून बघितली. म्हणाले, "ह्याच पान्यावं तुला वाढवलाय."

आई हसली. किती दिवसांनी हसली. हसता हसता तिला कोरडा ठसका लागला, आणि मी पाणी आणायला उठलो नाही, कारण त्या दिवशीची शेवटची रेघ संपली होती. आबाही उठले नाहीत. ते माझ्याकडे बघत राहिले.

शनिवारी हेड आणि रेडिएटर स्कूटरवर बांधून मी नगरला नेलं. हेड फेसिंगला, म्हणजे घासून सपाट करायला दिलं, रेडिएटर साफ करायला दिला, आणि मधल्या वेळात स्पेअर पार्टच्या दुकानात गास्केट घेऊन झाल्यावर म्हणालो, कूलंट दाखवा.

दुकानदाराने आधी माझा शर्ट बघितला, मग चपला. "कुठली गाडी?" सांगितली. "तिला कशाला कूलंट? साधं पाणी घाला. सगळे तेच घालतात." मी हट्टाने उभा राहिलो तेव्हा त्याने तीन डबे काउंटरवर मांडले. एक हिरवं, तयार मिसळलेलं, तसंच ओतायचं. दुसरंही हिरवंच, पण घट्ट, ज्यात निम्मं डिस्टिल्ड वॉटर घालायचं. तिसरं लाल, लेबल नसलेलं. त्याचं तो खूप कौतुक करत होता, म्हणून मी ते आधी बाजूला केलं. तयार हिरव्यात किती माल आणि किती पाणी हे लिहिलेलं नव्हतं. घट्टच्या डब्यावर सगळं होतं. ते खापर धरू देत नाही, ॲल्युमिनियमचं हेड आणि बिडाचा ब्लॉक दोन्ही गंजण्यापासून वाचवतं, पाण्यापेक्षा उशिरा उकळतं. खाली लाल अक्षरांत विषारी, पोटात जाऊ देऊ नका, असंही होतं. ते वाक्य मी दोनदा वाचलं. दुकानदार म्हणाला, "गोड असतं ते. कुत्री चाटतात आणि त्यांच्या किडन्या जातात. घरात जपून ठेवा." माझ्या घरी काय चाललंय हे त्याला कसं माहीत असणार.

तरी मी ते घट्टच घेतलं. बॅटरीच्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटरचे कॅन घेतले. एकदा भरलं की महिनोन्‌महिने झाकण उघडायचं नाही, असं दुकानदार म्हणाला होता. खरं सांगायचं तर मी ते झाकण न उघडणंच विकत घेतलं. रोज पाणी पाजायची ती थेरं बंद होतील, सकाळची थाप बंद होईल आणि आबांना कळेल की शिकलेल्या माणसाचं ऐकावं लागतं.

रविवारी आबांनी व्हॉल्व्ह घासले. पेस्ट लावून, काडी दोन्ही तळव्यांत धरून, रवी घुसळावी तसे पुढे-मागे. त्या कामात मला त्यांचा हात धरता येत नाही हे मी तेव्हाही कबूल केलं असतं, फक्त कुणी विचारलं नाही. सोमवारी हेड बसवलं. नट किती आवळला ते दाखवणारा टॉर्क पाना कारखान्याच्या स्टोअरमधून मागून आणला होता. मधल्या नटापासून बाहेरच्याकडे, तीन फेऱ्यांत सगळे नट आवळले. आमच्या कारखान्यात नट मापात आवळला की त्याच्यावरून खालच्या धातूपर्यंत पिवळ्या रंगाची एक रेघ मारायची पद्धत होती. नट कुणी हलवला तर रेघ तुटते आणि लगेच दिसतं. मी प्रत्येक नटावर तशी रेघ मारली. मग कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर मापाने मिसळून भरलं, इंजिन गरम करून हवा काढली, पातळी पुन्हा भरली, आणि थंड झाल्यावर रेडिएटरच्या झाकणावरही पिवळी रेघ ओढली. उरलेला डबा माझ्या ट्रंकेत ठेवून कुलूप लावलं.

"आजपास्नं ह्याला कुनी हात लावायचा न्हाई," मी जाहीर केलं. "गाडीचं पानी बंद."

"पान्याबिगर गाडी?" आबा म्हणाले.

"पान्याबिगर."

आबांनी आईकडे बघितलं. आईने आबांकडे. मला वाटलं, पोराचं कौतुक चाललंय दोघांचं.

मंगळवारी गाडी झक्क चालली. सुप्याच्या पुढचा सगळा रस्ता काटा मधल्या रेघेवरून हलला नाही. मी आबांच्या शेजारी बसून रस्त्याऐवजी काटाच बघत होतो. नगर आलं तेव्हा मला ओरडावंसं वाटलं.

दवाखान्यात मशीनला जोडण्याआधी वजन करतात. दोन वेळांच्या मध्ये वजन जितकं वाढलं तितकं पाणी अंगात साठलेलं असतं. आईचं वजन तीन किलोने वाढलेलं निघालं. गेले दोन महिने हेच चाललं होतं.

"घरी पाणी कोण मोजतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी."

"मग नीट मोजा. छातीत पाणी भरलं तर मला बोलावून उपयोग होणार नाही."

नीट मोजा! मला! त्या आठवड्यात मी बाटलीच्या रेघा कारखान्यातल्या मापाच्या भांड्याशी ताडून बघितल्या. बरोबर होत्या. डाळ घट्ट करायला लावली. फळं बंद केली. चहा एक घोटावर आणला. आईच्या खाटेखाली वाकून बघितलं, कुठे गडवा लपवलाय का. आईने पाय वर घेतले मला बघायला सोपं जावं म्हणून. आज ते आठवलं की मी जिथे असेन तिथे उठून उभा राहतो.

आणि बुधवारी सकाळी पुन्हा बॉनेटवर थाप. मी दुसऱ्या पाळीला जायचो, उशिरा यायचो, त्यामुळे सकाळी जरा जास्त झोपायचो. थाप ऐकून तसाच शेडकडे धावलो. आबा रिकामा तांब्या घेऊन परत येत होते. आई त्यांच्या मागे, शेडच्या खांबाला धरून. डॉक्टरांनी तिला सकाळी चार पावलं चालायला सांगितलं होतं.

"आबा, पातळ हुईल ना ते! काय सांगितलं हुतं मी?"

"वतलं न्हाई. नुसतं बघितलं."

"मग तांब्या कशाला?"

"हाताला सवय हाय."

दुसऱ्या दिवशी मी तोंड धूत असताना त्यांनी तांब्या पिंपातून नाही, तर माठातून भरला. गाडीला माठातलं गार पाणी! विचारलं तर म्हणाले, "तूच म्हनला ना, पिंपाचं खारं असतंय." आई आजारी पडल्यापासून प्यायला गावाच्या आडाचं गोडं पाणी आम्ही माठात भरायचो. मी हात जोडले आणि आत गेलो. नंतर जाऊन झाकण बघितलं. पिवळी रेघ जिथल्या तिथे होती, केसभरही तुटलेली नाही. म्हातारा नुसता नाटक करतोय, करू दे, म्हणून मी निर्धास्त झालो.

त्याच दिवशी कारखान्यात एक नट आवळून त्याच्यावर रेघ ओढताना माझा ब्रश हवेतच थांबला. झाकण उघडलेलं नाही. तांब्या भरून जातो आणि रिकामा येतो. मग पाणी जातं कुठे?

शुक्रवारी सकाळी मी जागाच होतो. डोळे मिटून पडलो. आबा उठले. तांब्याचा माठाला लागून आवाज झाला. मग त्यांची पावलं आणि त्यांच्या मागून आईची फरफटती पावलं. गाडी शेडमध्ये नाक भिंतीकडे करून उभी असायची, घराकडे तिची पाठ. बॉनेट वर गेलं. बॉनेटच्या पलीकडे, गाडीचं नाक आणि भिंत यांच्यामधल्या दोन हात जागेत काय चाललंय हे अंगणातून दिसत नाही, शेजारून दिसत नाही, ओसरीवरून तर नाहीच. मी अनवाणी गेलो.

आबांनी एका हाताने आईची मान धरली होती आणि दुसऱ्या हाताने तांब्या तिच्या तोंडाला लावला होता. उघड्या इंजिनाच्या पुढे, रेडिएटरच्या डोक्याशी. मला क्षणभर काही कळलं नाही. माझ्या डोळ्यांपुढे ते हिरवं, गोड विष आलं. मी झेपावलो आणि तांब्या हाताने उडवला. तो भिंतीवर आपटून घरंगळत गाडीखाली गेला. पाणी होतं. माठातलं स्वच्छ पाणी.

"काय करताय तुमी? काय करताय?" मी किंचाळत होतो. "मारताय तुमी तिला! तीन किलो! मी तिकडं डॉक्टरांच्या शिव्या खातोय, आन्‌ तुमी हितं तिला मारताय!"

आबा भिंतीला टेकले. "दोन घोट असत्यात," ते म्हणाले. "तांब्यातलं निम्मं मी झाडाला वततो. तिला दोन-चार घोटच."

"कधीपास्नं?"

आबांनी पायाच्या अंगठ्याने मातीत एक आडवी रेघ ओढली. म्हणजे बाटलीवर रेघा आल्या तेव्हापासून.

"तू कामावं असतोस," आबा म्हणाले. "ती दिसभर वोठावं जीभ फिरवती. मी काय करू? हितं माझ्याम्होरं बसलेली असती. मी काय करू, सांग ना."

मी आईकडे वळलो. तिलाही चार शब्द सुनवायचे होते. पण आई माझ्याकडे बघत नव्हती, आबांकडेही नाही. ती जमिनीकडे बघत होती, मातीत पाणी मुरत होतं तिकडे. ओल पूर्ण मुरेपर्यंत तिने मान वर केली नाही.

त्यानंतर आबांनी तांब्या माळ्यावर टाकून दिला. सकाळची थाप बंद झाली. मी पाहिजे तेवढा वेळ झोपू शकत होतो आणि मला झोप येत नव्हती. घरात तिघं होतो, पण भांड्यांचाच काय तो आवाज. आबा मला जेवायला वाढायचे, बोलायचे नाहीत. आई मागायची काहीच नाही. फक्त सकाळी तोंड पुसायला ओलं फडकं दिलं की ते ती बराच वेळ ओठांवर धरून ठेवायची. मला दिसायचं. मी दुसरीकडे बघायचो.

वजन खाली आलं. पायांची सूज उतरली, रात्रीचा दम कमी झाला, आई आडवी होऊन झोपू लागली. हे सगळं झालं, आणि ते माझ्यामुळे झालं. तिसऱ्या आठवड्यात वजनाचा काटा बघून डॉक्टर म्हणाले, "शाब्बास! आता जमलं. असंच ठेवा." मला शाळेत पहिला नंबर आल्यासारखं वाटलं. मी हसत मागे वळलो, तर आई अजून वजनकाट्यावरच उभी होती, चपला हातात धरून, ओठांवर कोरडी सालपटं, कुणीतरी उतरवून घेईल म्हणून वाट बघत. डॉक्टरांचं बरोबर होतं. माझंही बरोबर होतं. ते मला आजही खोडून काढता येत नाही, आणि त्या बरोबर असण्याचं काय करायचं हेही कळत नाही.

गाडीने त्यानंतर एकदाही त्रास दिला नाही. सगळा उन्हाळा काटा मधल्या रेघेवर. गावातल्या ट्रॅक्टरवाल्यांना मी कूलंटवर भाषणं द्यायचो.

मग आईच्या हातातली घरघर मंद होऊ लागली. जोडलेली नस मिटत चालली होती. दुसऱ्या हाताला जोडून बघितली, धरली नाही. डॉक्टरांनी मला एकट्याला खोलीत बोलावलं. या वेळी त्यांनी पाण्याचं काहीच विचारलं नाही. आता जेवढ्या वेळा मशीनला जोडता येईल तेवढं जोडू, म्हणाले, तिला काय आवडतं ते द्या. मी बाहेर येऊन आबांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि गाडीची किल्ली खिशात आहे का ते चाचपून बघितलं. आई त्यानंतर फार दिवस राहिली नाही.

पण त्याच्या आधीची एक सकाळ सांगायची राहिली. आबा वरच्या आळीला दूध आणायला गेले होते. मी ओसरीवर चहा पीत होतो. 'आवडतं ते द्या' असं डॉक्टर म्हणाले होते, तरी बाटली अजून जागेवरच होती. तिच्यावरच्या रेघा पुसायला माझा हात होत नव्हता. पुसल्या असत्या तर आईला सगळं समजलं असतं, असं मी स्वतःला सांगत होतो.

खाटेवरून आईने हाक मारली. "आबा कुठं गेलं?"

"दूध आनाया."

"मग आज तू पाज."

"काय?"

"गाडीला पानी," ती म्हणाली. "किती दीस झालं. कुनी पाजलं न्हाई तिला."

माझ्या तोंडावर आलंच होतं की आई, त्या गाडीला पाणी लागत नाही, निम्मं कूलंट आहे, निम्मं डिस्टिल्ड आहे, वर्षभर बघायला लागणार नाही. मी तोंड उघडलंही. ती माझ्याकडे सरळ बघत होती. बऱ्याच दिवसांत तिने माझ्याकडे असं बघितलं नव्हतं.

मी माळ्यावर चढून तांब्या काढला. भिंतीवर आपटला होता तिथे त्याला पोचा आला होता. राखेने घासला, विसळला, माठात बुडवून काठोकाठ भरला. एका हातात तांब्या आणि दुसऱ्या हाताने आईला धरून शेडकडे निघालो. तिचं वजन आता डॉक्टरांना आवडेल त्यापेक्षाही कमी होतं. गाडीच्या नाकापुढे तिला भिंतीला टेकवून उभं केलं आणि बॉनेट वर केलं. पिवळी रेघ तशीच होती.

आईने तांब्या दोन्ही हातांनी घेतला. मी तो खालून धरला. ती थांबत थांबत प्यायली, डोळे मिटून. मध्ये एकदा दम घेतला आणि पुन्हा प्यायली. हनुवटीवरून ओघळलेलं पाणी तिने पुसलं नाही. मी किती घोट झाले ते मोजलं नाही. मी रडत होतो आणि तिने ते बघून न बघितल्यासारखं केलं.

तळाला थोडं राहिलं तेव्हा तिने तांब्या माझ्याकडे दिला. "ऱ्हायलेलं तिला घाल," ती म्हणाली.

मी झाकणावर हात ठेवला आणि फिरवलं. रेघ तुटली. आत ते हिरवं, स्वच्छ, काठापर्यंत होतं, थेंबालाही जागा नव्हती. तरी मी ओतलं. थोडं बाहेर सांडलं, थोडं आत गेलं असेल. झाकण लावलं. बॉनेट बंद करून त्यावर एक थाप मारली.

आईला धरून वळलो तर फाटकात आबा दुधाची किटली घेऊन उभे होते. कधीपासून उभे होते कोण जाणे.

"पाजलं का?" त्यांनी विचारलं.

"पाजलं," मी म्हणालो.